आजारपणाचा भत्ता सुरू झाला म्हणून दातांचे उपचार मोफत होत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये राहणारे आमच्यासारखे पुष्कळ मराठी वाचक आपले दैनिक इंटरनेटवरून रोज वाचतात आणि त्यांचे आईवडील तेच दैनिक महाराष्ट्रात सकाळच्या चहाबरोबर वाचतात. हे पत्र दोघांसाठीही आहे. घरातला कमावता माणूस परदेशात आजारी पडला, पगार थांबून आजारपणाचा भत्ता सुरू झाला आणि नेमके त्याच काळात दातांनी दगा दिला, तर त्या उपचारांचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न आमच्यावर गेल्या वर्षी आला. त्याचे उत्तर आम्ही गृहीत धरले आणि ते चुकले. दुसऱ्या कोणा घराची तशीच चूक होऊ नये, एवढ्याचसाठी घरातली गोष्ट चारचौघांत मांडते आहे.

माझे पती इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी करतात. २०२४च्या शरद ऋतूत त्यांना घशाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि पुढे मान व जबड्याच्या भागावर रेडिओथेरपी झाली. उपचार यशस्वी झाले, त्याबद्दल आम्ही येथील डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे कायमचे ऋणी आहोत. परंतु किरणांच्या माऱ्यात लाळग्रंथी निकामी झाल्या. लाळ नसणे म्हणजे काय, हे मला त्याआधी ठाऊक नव्हते. लाळ दातांवरचे आम्ल धुऊन काढते, त्यांना खनिजे परत पुरवते, एका अर्थी दिवसभर त्यांची राखण करते. ती आटली की हिरडीलगत, दाताच्या मानेपाशी, कीड लागते आणि काही महिन्यांत दात हिरडीपाशीच मोडू शकतो. आमच्याकडे रात्री उशाशी पाण्याचा पेला आणि कृत्रिम लाळेचा फवारा असतो. जीभ टाळूला चिकटली की ते उठतात, फवारा मारतात, दोन घोट पाणी पितात आणि पुन्हा आडवे होतात. असे रात्रीतून पाच-सहा वेळा होते.

अशा रुग्णाचा दात सहज काढूनही टाकता येत नाही. किरण लागलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, दात काढल्यावर जखम भरून येईलच असे नसते आणि कधी कधी हाडच मृत होऊ लागते. म्हणूनच दंतवैद्यांनी दाढ काढण्याऐवजी वाचवण्याचा निर्णय घेतला आणि जुलै २०२५मध्ये तिच्यावर कॅप बसवली. त्याच कॅपपासून पुढची सगळी हकिकत सुरू झाली.

हकिकत समजण्यासाठी येथील व्यवस्था थोडी सांगावी लागेल. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे येथील सरकारी आरोग्यसेवेच्या, दंतवैद्याकडे प्रौढांना शुल्क पडते आणि त्याचे तीन स्तर आहेत. १ एप्रिल २०२५पासूनचे दर असे होते: तपासणी, एक्स-रे किंवा तातडीचे उपचार यांसाठी २७ पाउंड ४० पेन्स; दात भरणे, दात काढणे किंवा रूट कॅनल यांसाठी ७५ पाउंड ३० पेन्स; आणि कॅप, ब्रिज किंवा कवळीसाठी ३२६ पाउंड ७० पेन्स. एका उपचारक्रमाला एकदाच शुल्क लागते, मग त्यासाठी चार खेपा पडोत की सहा. हे दर इंग्लंडपुरते आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे नियम वेगळे असून स्कॉटलंडमध्ये तर एनएचएसची दंत तपासणी सर्वांनाच मोफत आहे.

दातांचे हे वेगळेपण जुने आहे. ५ जुलै १९४८ रोजी ही आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा दातही तिच्यात मोफत होते. १९५१च्या अर्थसंकल्पात कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क बसवण्याचे ठरले आणि ज्यांनी ही सेवा उभी केली त्या अन्युरिन बेव्हन यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे पंतप्रधान झालेले हॅरॉल्ड विल्सन यांनीही त्यांच्यापाठोपाठ सरकार सोडले. तोंड शरीरापासून हिशेबात वेगळे काढले गेले ते तेव्हापासून. माझ्या पतींची रेडिओथेरपी, त्यांची स्कॅन, इस्पितळातले मुक्काम यांपैकी कशालाही आम्हांला एक पेनीही द्यावी लागली नाही. त्याच रेडिओथेरपीने बिघडलेल्या दाढेचे मात्र बिल येते, हे समजायला आम्हांला फार वेळ लागला.

आता भत्त्याकडे वळते. नोकरदार माणूस आजारी पडला की त्याला मालकाकडून जास्तीत जास्त २८ आठवडे कायद्याने ठरलेले आजारपणाचे वेतन मिळते. त्याला येथे एसएसपी म्हणतात आणि २०२५-२६मध्ये ते आठवड्याला ११८ पाउंड ७५ पेन्स होते. ते संपत आले की मालक एसएसपी १ नावाचा कागद देतो आणि तो घेऊन ‘न्यू स्टाइल ईएसए’ म्हणजे एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्ससाठी अर्ज करायचा असतो. हा भत्ता ज्याने नोकरीत असताना नॅशनल इन्शुरन्स या सरकारी विम्याची वर्गणी भरली आहे, त्याला त्या वर्गणीच्या जोरावर मिळतो. जोडीदाराचा पगार किंवा बँकेतली शिल्लक त्याच्या आड येत नाही. २०२५-२६मध्ये पहिल्या तपासणीपर्यंत तो आठवड्याला ९२ पाउंड ५ पेन्स आणि सपोर्ट गटात, म्हणजे आजारामुळे ज्यांच्याकडून कामाची अपेक्षाच ठेवली जात नाही अशांच्या गटात, गेल्यावर १४० पाउंड ५५ पेन्स होता.

याच ईएसएचा एक जुना प्रकार आहे, उत्पन्नावर आधारित. वर्गणी पुरेशी नसलेल्या, पण उत्पन्न अगदी तुटपुंजे असलेल्या माणसासाठी तो होता. नव्या अर्जदारांसाठी तो बंद झाला असून त्याची जागा युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी भत्त्याने घेतली आहे. दातांचे शुल्क आपोआप माफ होते ते या उत्पन्नावर आधारित प्रकाराला. वर्गणीच्या प्रकाराला होत नाही. एसएसपीलाही होत नाही. नाव एकच, संक्षेप एकच, आणि रुग्णाच्या हाती पडणारा निकाल अगदी उलटा.

आमची चूक येथेच झाली. दंतवैद्याच्या रिसेप्शनवरच्या मुलीने अतिशय आपुलकीने विचारले, ‘तुम्हांला ईएसए मिळतो का?’ पती म्हणाले, ‘हो.’ तिने फॉर्म पुढे सरकवला. त्यावर शुल्कमाफीच्या कारणांची यादी होती आणि त्यातल्या एका चौकटीपुढे ‘उत्पन्नाशी निगडित’ या शब्दांनंतर एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स असे छापलेले होते. कोरड्या तोंडाने धड बोलताही न येणाऱ्या माणसाने आपल्या ओळखीचे नाव पाहिले, चौकटीत बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. मी शेजारीच बसले होते. मीही तो फॉर्म वाचला होता आणि मलाही त्यात काही वावगे दिसले नाही.

आमचा समज पक्का होण्याला आणखी एक कारण होते. इंग्लंडमध्ये कर्करोगाच्या रुग्णांना औषधांच्या चिठ्ठीचे शुल्क माफ असते आणि त्यासाठी मेडिकल एक्झम्प्शन सर्टिफिकेट मिळते. ते पतींच्या पाकिटात होते. कॅप बसवली त्याच दिवशी दंतवैद्यांनी जास्त फ्लोराइड असलेली टूथपेस्ट चिठ्ठीवर लिहून दिली. केमिस्टकडे ते सर्टिफिकेट दाखवले आणि एरवी ९ पाउंड ९० पेन्सना मिळणारी ती चिठ्ठीवरची ट्यूब मोफत मिळाली. दातांच्या पेस्टला माफी मिळाली, तर दाताला का मिळू नये, असेच कोणालाही वाटेल. परंतु ते सर्टिफिकेट औषधाच्या चिठ्ठीपुरते आहे, दंत उपचारांना ते लागू नाही. माझ्या ओळखीतल्या, मधुमेहामुळे असेच सर्टिफिकेट असलेल्या दोघांनाही हे माहीत नव्हते.

ऑक्टोबरमध्ये एनएचएसकडून दंडाचे पत्र आले. उपचाराचे ३२६ पाउंड ७० पेन्स आणि त्यावर १०० पाउंड दंड. चुकीने माफी घेतली तर शुल्काच्या पाचपट, पण कमाल १०० पाउंड, असा दंडाचा नियम आहे आणि २८ दिवसांत पैसे भरले नाहीत तर आणखी ५० पाउंड चढू शकतात. दंडाच्या रकमेपेक्षा त्या पत्राचा सूर पतींच्या जिव्हारी लागला. ‘आयुष्यात तिकिटाशिवाय लोकलमध्ये चढलो नाही,’ एवढेच ते म्हणाले आणि पत्र घडी करून पुस्तकाखाली ठेवले. दोन दिवस त्या विषयावर घरात कोणी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मी नियम वाचायला बसले. रुग्णाने लबाडी केलेली नाही आणि निष्काळजीपणाही केलेला नाही, हे त्याला दाखवता आले तर दंड लागू होत नाही, अशी तरतूद कायद्यातच आहे. भत्त्याच्या पत्राची प्रत जोडून, रिसेप्शनवर काय विचारले गेले आणि काय उत्तर दिले गेले ते जसेच्या तसे लिहून आम्ही कळवले. दंड माफ झाला. शुल्क मात्र भरावे लागले. कॅप बसली तेव्हा आठवड्याला ९२ पाउंड ५ पेन्स हातात येत होते, म्हणजे साडेतीन आठवड्यांचा भत्ता एका दाढेवर गेला. ज्यांना अशी नोटीस येईल त्यांनी ती घाबरून किंवा लाजेने बाजूला ठेवू नये, मुदतीत उत्तर द्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जी गोष्ट आम्हांला पहिल्या दिवशी कोणी सांगायला हवी होती, ती या सगळ्या वाचनात उशिरा सापडली. एनएचएसची कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी एक योजना आहे आणि तिचा अर्ज एचसी १ या नावाने ओळखला जातो. तुम्हांला कोणता भत्ता मिळतो, यापेक्षा घरात आठवड्याला किती येते आणि किती लागते, हे या अर्जात पाहिले जाते. नवराबायकोचे उत्पन्न एकत्र धरतात, तसेच घरभाडे आणि कौन्सिल टॅक्स हा स्थानिक करही गरजेच्या बाजूला धरतात. पगाराचा आकडा पाहून ‘आपण यात बसणार नाही’ असे म्हणणाऱ्यांनी भाड्याचा आकडाही पाहावा. बचत १६,००० पाउंडांपेक्षा जास्त असेल तर मात्र योजना लागू होत नाही. उत्पन्न गरजेपेक्षा कमी भरले तर एचसी २ हा पूर्ण माफीचा दाखला मिळतो. थोडे जास्त भरले तर एचसी ३ मिळतो आणि तुम्ही जास्तीत जास्त किती द्यायचे, ते त्यावर लिहिलेले असते. अर्ज ऑनलाइन भरता येतो, कागदी अर्ज जॉबसेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, आणि बहुतेक एनएचएस रुग्णालयांत मिळतो. ज्यांनी पैसे आधीच भरले आहेत, त्यांना भरल्यापासून ३ महिन्यांच्या आत एचसी ५ या अर्जाने परतावा मागता येतो आणि दाखला नसेल तर त्याच वेळी एचसी १ही पाठवता येतो. त्यासाठी दंतवैद्याकडून पावती न विसरता घ्यावी.

येथे मला व्हिसावर राहणाऱ्यांशी विशेष बोलायचे आहे. ज्यांना येथे कायमचा रहिवास मिळाला आहे, ते वर्गणीच्या ईएसएबरोबर युनिव्हर्सल क्रेडिटसाठीही अर्ज करू शकतात. त्यात आजारपणामुळे काम करण्याची क्षमता मर्यादित असल्याचा घटक असेल आणि मागच्या मासिक हिशेबात कमाई ९३५ पाउंडांपेक्षा जास्त नसेल, तर दातांचे शुल्क माफ होते. आमच्यासारख्यांच्या व्हिसावर ‘सरकारी निधीचा आधार नाही’ अशी अट असते आणि युनिव्हर्सल क्रेडिट त्या निधीत मोडते. एसएसपी आणि न्यू स्टाइल ईएसए त्यात मोडत नाहीत, कारण एक मालक देतो आणि दुसरा आपल्याच वर्गणीतून येतो. म्हणजे आपल्याला जे दोन भत्ते घेता येतात, नेमके तेच दोन दातांची माफी देत नाहीत आणि जो माफी देतो तो आपल्याला घेता येत नाही. त्यामुळे आपल्यासाठी एचसी १ हा एकच दरवाजा उरतो. तोही ‘सरकारी निधी’ असेल, अर्ज केला तर व्हिसाला धोका होईल, या भीतीने अनेकजण तो ठोठावत नाहीत. आम्हीही याच भीतीने तीन आठवडे थांबलो होतो. एनएचएसच्या शुल्कातली ही मदत त्या निधीच्या यादीत नाही.

व्हिसासोबत आपण प्रत्येकी वर्षाला १,०३५ पाउंड आरोग्य अधिभार भरतो, ६ फेब्रुवारी २०२४पासून तो दर आहे. पगारातून नॅशनल इन्शुरन्सही कापला जातो. एवढे भरलेल्या माणसाला आजारपणात दातांसाठी वेगळे मोजावे लागते आणि वर्गणी भरल्यामुळेच त्याची गणना माफीच्या रांगेबाहेर होते, हे मला अन्यायाचे वाटते. सपोर्ट गटातला रुग्ण हा सपोर्ट गटातलाच रुग्ण असतो. त्याची वैद्यकीय तपासणी त्याच निकषांवर झालेली असते. भत्त्याच्या नावामागचे विशेषण बदलले म्हणून त्याच्या दाढेची कीड कमी होत नाही. निदान या गटातल्या सर्वांना, भत्ता कोणत्याही प्रकारचा असो, दातांचे शुल्क माफ करावे, अशी मागणी मी येथील आमच्या खासदारांना लेखी केली आहे. ती मान्य होईतो एक सोपी सुधारणा तरी व्हावी: भत्ता मंजूर झाल्याच्या पत्रातच, ठळक अक्षरांत, या भत्त्यावर दंत उपचार मोफत नाहीत असे लिहावे आणि सोबत एचसी १ जोडावा. एका कागदाचा खर्च आहे तो.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनाही थोडे सांगायचे आहे. दात दुखतो म्हटले की फोनवर पहिले वाक्य येते, ‘इकडे ये, इथे आपले डॉक्टर आहेत, करून टाकू सगळे.’ त्यामागची माया मी जाणते आणि निरोगी माणसाने सुट्टीत येऊन दात करून घेण्यात काही चुकीचेही नाही. परंतु ज्याला दर काही आठवड्यांनी फेरतपासणीला हजर राहायचे असते, ज्याच्या जबड्याला हात लावण्याआधी त्याची रेडिओथेरपीची नोंद पाहावी लागते, त्याला हा सल्ला अडचणीत टाकतो. शिवाय ईएसए चालू असताना परदेशी जायचे तर आधी कळवावे लागते आणि साधारणपणे ४ आठवड्यांपर्यंतच भत्ता चालू राहतो. वैद्यकीय उपचारांसाठी जाणाऱ्याला ही मुदत २६ आठवड्यांपर्यंत मिळू शकते. न कळवता विमानात बसलेल्याचा भत्ता बंद होऊ शकतो. तेव्हा पुढच्या वेळी मुलाचा किंवा सुनेचा फोन आला, तर आधी ‘एचसी १ भरलास का?’ एवढे विचारावे.

ब्रिटनमधल्या मराठी मंडळांनीही यात लक्ष घालावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे, इतर शहरांतही मंडळे आहेत, गणेशोत्सवाला आणि दिवाळीला शेकडो कुटुंबे एकत्र येतात. त्या गर्दीत एका टेबलावर हे अर्ज ठेवले आणि ते भरायला मदत करणारा एखादा जाणकार बसवला, तर ज्यांना आपले आजारपण कोणाला सांगायचे नाही, तेही अर्ज उचलून घरी नेऊ शकतील. आमच्या गावात यंदा ते टेबल मी स्वतः लावणार आहे.

रेडिओथेरपी सुरू होण्याआधी दातांची संपूर्ण तपासणी करून घ्यावी, असा सल्ला मान-जबड्याच्या रुग्णांना रुग्णालयातून दिला जातो आणि तो आम्हांलाही मिळाला होता. त्याच भेटीत एचसी १चाही अर्ज मागावा, असे मी आता ओळखीच्या प्रत्येक रुग्णाला सांगते, कारण दाखला हातात असेल तर दंतवैद्याकडे तो दाखवून त्याचा क्रमांक फॉर्मवर लिहायचा असतो आणि भत्त्याच्या नावावरून होणारा सगळा घोळ टळतो. हे दाखले परिस्थितीनुसार ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या मुदतीचे असतात आणि मुदत संपण्याआधी नवा अर्ज आपणच करायचा असतो.

माझ्या पतींना नोव्हेंबरमध्ये एचसी ३ मिळाला. डाव्या बाजूची आणखी एक दाढ आता हलू लागली आहे. पुढच्या भेटीची चिठ्ठी आणि तो दाखला मी एकाच टाचणीने जोडून फ्रीजच्या दारावर लावला आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, मिडलंड्स, इंग्लंड